पाव युनिट

सकाळचे सात. स्ट्रॉमनेसमध्ये अजून रात्रच आहे.
धक्क्यावरचा दिवा वाऱ्यात हलतो
आणि ओट्यावर दोन सुया:
एक माझी, एक पार्टनची.

पार्टन म्हणजे आमच्या बोलीत खेकडा.
पिल्लू होती तेव्हा तिरकी चालायची, म्हणून.
गेल्या हिवाळ्यात तिरकीही चालेना.
मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवत फरपटायची,
वाडगं रिकामं करायची
आणि पुन्हा नळाखाली येऊन बसायची.
कानाच्या कडेचा थेंब: चोवीस.
‘थोर्फिन, तुझंच दुखणं,’ डॉक्टर ग्राउंडवॉटर म्हणाली,
‘तुला सुई धरायला काय शिकवू!’

नव्हतंच शिकवायचं काही.
एकवीस वर्षं पोटाला टोचतोय.
आधी तिची मान चिमटीत धरायची, कातड्याचा तंबू करायचा,
ती वाडग्यातून तोंडही वर काढत नसे.
मग मी शर्ट वर करायचो,
तेव्हा मात्र बघायची.
निदान मला तसं वाटायचं.

तीन युनिट. कितीतरी आठवडे तीनच.
मग एका दुपारी नऊ, दुसऱ्या दुपारी सात,
आणि डॉक्टर म्हणाली, उतरव आता, पण सावकाश.
सावकाश मला कळतं.
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत एकतीस वर्षं काढली.
धक्का दिसला म्हणून कोणी इंजिन बंद करत नाही.
पण इंजिन कुरकुरतं, सांगतं काहीतरी.
मांजर सांगत नाही.

अडीच. सव्वादोन. दोन.
पावणेदोन. दीड.
इथे शेजारच्या बारबरीने तिला कस्टर्ड चाटवलं
आणि आकडा सोळावर गेला.
बारबरीशी चार दिवस अबोला.
पुन्हा पावणेदोन. पुन्हा दीड.
सव्वा. एक. पाऊण.
पाऊणची रेघ सिरिंजवर नसते,
भिंग धरून, श्वास रोखून
काळं रबर दोन रेघांच्या मधे थांबवायचं असतं
आणि माझा हात आता पूर्वीचा नाही.

एका रात्री तीन वाजता ती स्वयंपाकघरात
भलत्याच भिंतीकडे बघत उभी होती.
दोन पॉइंट नऊ.
हिरड्यांना मधाचं बोट लावलं.
आयुष्यात कितीजणांना लावलं असेल,
खरा मध त्या रात्री पहिल्यांदाच होता.
फरशीवर बसून राहिलो, तिचं डोकं मांडीवर.
चार पॉइंट एक आला तेव्हा खिडकीत उजेड नव्हताच,
जानेवारीत नसतोच.
माझाही आकडा बघितला. अकरा.
तो कोणाला सांगितला नाही.

मग अर्धा. मग पाव.
पाव म्हणजे काय, सुईच्या टोकावरचं दव.
एकदा ते केसांतच गेलं,
बोटांना त्या औषधाचा दवाखानी वास आला,
आणि मी दिवसभर घाबरून दर तासाला कान टोचत राहिलो.
पाच पॉइंट तीन. पाच. पाच पॉइंट चार.
माझी सुई चुकली होती
आणि तिच्या शरीराला पत्ताही नव्हता.

आज काही द्यायचं नाही.
पंधरा दिवस फक्त बघायचं, डॉक्टर म्हणाली,
आणि टिनमधलं मांस, कस्टर्ड अजिबात नाही.
रात्री भरलेलं वाडगं तसंच आहे,
पाण्यावर तिचा एक केस.
खिडकीच्या कठड्यावर ती एका उडीत चढली,
बाहेर पहिली बोट सुटायला निघालेली.

सातला खाली आली मात्र.
सवयीने वाडग्याशी उभी राहिली, मान पुढे.
मीही सवयीने कातडं चिमटीत धरलं,
आणि सोडून दिलं.

मग माझं पेन.
त्याला पाव नसतो, दीड नसतो,
टक टक करत पूर्ण आकडेच फिरतात.
बावीस.
शर्ट वर केला. पार्टनने मांस खाता खाता
मान वळवून बघितलं, 
की खिडकीबाहेर भोंगा वाजला म्हणून?
विचारून काय उपयोग.